डीएनए सिक्वेन्सिंग: कोल्हापुरात मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी जैवतंत्रज्ञान शिकवते. वर्गातले प्रश्न बहुतेक परीक्षेपुरते असतात. मन लावून विचारलेले प्रश्न बाहेर भेटतात: रंकाळ्यावर फिरताना थांबवणाऱ्या पालकांकडून, ऊस लावणाऱ्या नातेवाइकांकडून, दवाखान्याचा रिपोर्ट हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांकडून. उत्तरं तोंडी देताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा बसून लिहिली. ही माहिती आहे, वैद्यकीय सल्ला नाही. रिपोर्ट आला असेल तर तो आधी डॉक्टरांना दाखवा.

सिक्वेन्सिंग म्हणजे नेमकं काय करतात?

डीएनए ही चार रसायनांची लांबलचक माळ आहे. त्या चौघांना आपण ए, टी, जी, सी अशी अक्षरं दिली आहेत. ती कुठल्या क्रमाने ओवली आहेत ते वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग. माणसाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, आणि असे दोन संच आपल्याकडे असतात: एक आईचा, एक वडिलांचा.

कोर्टाच्या बातम्यांत येणारी 'डीएनए टेस्ट' वेगळी. तिथे वीसेक ठरावीक जागा मोजून दोन माणसं जुळवतात, सगळी माळ कोणी वाचत नाही. कोरोनाची आरटी-पीसीआरही वेगळी. ओळखीचा तुकडा नमुन्यात आहे की नाही, एवढंच ती सांगते.

हे पहिल्यांदा कोणाला जमलं?

आज ज्याला आपण सिक्वेन्सिंग म्हणतो त्याचा पाया फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये केंब्रिजला घातला. डीएनएची नक्कल तयार होत असताना तिला मध्येच थांबवणारी अक्षरं त्यांनी मिसळली. मग कुठला तुकडा दहाव्या अक्षराला थांबतो, कुठला अकराव्या. तुकडे लांबीप्रमाणे ओळीने लावायचे आणि प्रत्येकाचं शेवटचं अक्षर वाचत जायचं. त्यांच्या गटाने एका छोट्या विषाणूचा ५,३८६ अक्षरांचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी माळ, असा वाचला. रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना दोनदा मिळालं, १९५८ आणि १९८० मध्ये. एका वेळी सात-आठशे अक्षरं वाचणारी ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. एकच जनुक तपासायचं असेल तर तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही, असं माझं मत आहे.

मानवी जीनोम प्रकल्पाला एवढी वर्षं आणि एवढा पैसा का लागला? त्यात भारत होता का?

१९९० ला सुरुवात, २००३ ला समाप्ती, खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी आणि चीन हे सहा देश त्यात होते. भारत नव्हता.

खर्चाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. मला त्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांची बैठक झाली. जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांनी आग्रह धरला की वाचलेला क्रम २४ तासांच्या आत जगाला खुला करायचा. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबायचं नाही आणि पेटंटसाठी दडवून ठेवायचं नाही. दोनच वर्षांनी क्रेग व्हेंटर यांची खासगी कंपनी हाच जीनोम वाचून त्याची माहिती विकायला पुढे आली. तेव्हा मानवी जीनोम कुणा एकाच्या कपाटात बंद झाला नाही, त्यामागे हा नियम होता.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. दूध संस्थेत सकाळी दोन म्हशींवाला आणि वीस म्हशींवाला एकाच रांगेत किटली घेऊन उभे असतात. एकट्याच्या दोन लिटरला बाजारात किंमत नाही. संकलन झालं की टँकर भरतो. जीनोमचंही असंच आहे. एका माणसाची ३०० कोटी अक्षरं एकटी ठेवली तर जवळजवळ मुकी असतात. हजारो माणसांची शेजारी ठेवली की कुठला बदल नेहमीचा आणि कुठला आजाराचा, ते दिसायला लागतं. दूध घालताना जशी फॅट बघतात, तसा इथे प्रत्येक अक्षराला गुण देतात. 'क्यू ३०' म्हणजे हजार अक्षरांत एखादी चूक असण्याची शक्यता.

मग आता ते इतकं स्वस्त कसं झालं?

एका जीनोमचा खर्च २००१ मध्ये साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास होता. आज तो हजार डॉलरच्या खाली आला आहे, आणि २०२२ पासून काही कंपन्या दोनशे, अगदी शंभर डॉलरचेही आकडे सांगू लागल्या आहेत. मात्र हे आकडे यंत्रातून अक्षरं बाहेर पडेपर्यंतचे आहेत. त्यांचा अर्थ लावणाऱ्या माणसाचा वेळ त्यात धरलेला नसतो.

स्वस्त होण्याचं कारण म्हणजे एकेक तुकडा वाचण्याऐवजी कोट्यवधी तुकडे एकदम वाचायची युक्ती. चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड क्लेनरमन यांनी केंब्रिजमध्ये १९९७ च्या सुमाराला तिचा विचार सुरू केला. काचेच्या पट्टीवर डीएनएचे तुकडे चिकटवायचे आणि जागच्या जागी प्रत्येकाच्या नकला काढायच्या. मग एका फेरीत एकच रंगीत अक्षर जोडायचं, फोटो घ्यायचा, रंग पुसायचा आणि पुढचं अक्षर जोडायचं. त्यांची सोलेक्सा कंपनी २००७ मध्ये इल्युमिनाने घेतली. जगात आज वाचल्या जाणाऱ्या डीएनएचा मोठा भाग याच पद्धतीने वाचला जातो.

तिची मर्यादा तुकड्याच्या लांबीत आहे. एका टोकाकडून साधारण दीडशे, फार तर तीनशेच्या आसपास अक्षरं वाचता येतात.

तुकडे लहान असले तर बिघडलं कुठे? जोडायचे की.

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेला मोठा फोटो डोळ्यांसमोर आणा. त्याचे बोटभर तुकडे केले आणि तुमच्यासमोर टाकले. शिखराचे तुकडे लगेच जुळतील, दीपमाळेचेही. पण गुलालाने माखलेली गर्दी? तिथला प्रत्येक तुकडा गुलाबी, प्रत्येकात तीच डोकी. कुठला तुकडा डावीकडचा आणि कुठला उजवीकडचा, ते कळायला मार्गच नाही. पण शिखरापासून सासनकाठीपर्यंत पोचणारी एक लांब पट्टी हाताला लागली, तर मधली गर्दीही आपोआप जागेवर बसते.

आपल्या जीनोममध्ये गुलालाच्या अशा जागा पुष्कळ आहेत. तेच ते शब्द हजारदा लिहिलेले असतात. त्यासाठी लांब वाचणारी यंत्रं आली. पॅसिफिक बायोसायन्सेसची पद्धत पंधरा-वीस हजार अक्षरं सलग आणि फार अचूक वाचते. ऑक्सफर्ड नॅनोपोरची तऱ्हाच निराळी आहे. पातळ पडद्यात प्रथिनाचं सूक्ष्म छिद्र असतं, त्यातून वीजप्रवाह चालू ठेवतात. डीएनएचा धागा छिद्रातून सरकतो, तसा प्रवाह अक्षरागणिक किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून क्रम ओळखतात. यात वीस लाखांहून जास्त अक्षरांचे सलग तुकडेही वाचले गेले आहेत. त्यांचं छोटं यंत्र हातात मावतं आणि लॅपटॉपला जोडून चालतं. २०१५ मध्ये गिनी देशात इबोलाच्या साथीत शास्त्रज्ञ ते बॅगेतून घेऊन गेले होते. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी अंतराळस्थानकावर त्याने डीएनए वाचला.

लांब वाचायचं तर धागाही अखंड लागतो. आमच्या दोन विद्यार्थिनींनी तीन महिने खपून काढलेले नमुने एकदा मे महिन्यात कुरिअरने पाठवले. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि डीएनएचा भुगा. त्या मुली रडल्या, आणि मला त्यांना समजावण्यासारखं काही सुचलं नाही. नवं यंत्र आलं की सगळे यंत्राबद्दलच बोलतात. प्रयोगशाळेतलं निम्मं शहाणपण नमुना थंड ठेवण्यात आहे, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला सांगते.

२००३ ला जीनोम पूर्ण झाला म्हणता. मग २०२२ ला पुन्हा 'पूर्ण' झाल्याची बातमी कशी आली?

दोन्ही बातम्या आपापल्या जागी बरोबर आहेत. २००३ मध्ये तेव्हाच्या पद्धतीला जेवढं शक्य होतं तेवढं वाचून झालं होतं. सुमारे आठ टक्के भाग, म्हणजे वर सांगितलेली गुलालाची गर्दी, राहिला होता. कॅरन मिगा आणि ॲडम फिलिपी यांच्या पुढाकारातल्या गटाने लांब वाचणारी यंत्रं वापरून २०२२ मध्ये तो भरून काढला. वाय गुणसूत्र तेवढं राहिलं होतं, ते २०२३ मध्ये झालं. त्याच वर्षी ४७ माणसांचे जीनोम एकत्र गुंफून 'पॅनजीनोम'चा पहिला मसुदाही आला. सगळ्या मानवजातीसाठी एकच नमुना प्रत पुरेशी नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

आमच्या उसाला याचा काय उपयोग?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो. को ८६०३२ हा वाण लावणाऱ्या शेतकऱ्याला मी उलट विचारते, नावातला 'को' म्हणजे काय? 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्राची सुरुवात १९१२ ची. बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथे गोड, जाड उसाचा जंगली उसाशी संकर केला, आणि १९१८ मध्ये को २०५ बाहेर आला. गोडवा एकाकडून, काटकपणा दुसऱ्याकडून. जगभरातल्या आजच्या उसात त्या जंगली रक्ताचा वाटा आहे.

त्या संकरानेच वाचणाऱ्यांना मात्र पुढे घाम फोडला. माणसाला ४६ गुणसूत्रं असतात, उसाला शंभराच्या वर. माणसात एका जनुकाच्या दोन प्रती, उसात आठ-बारा, आणि त्याही एकमेकींसारख्या पण अगदी तशाच नाहीत. सगळा जीनोम सुमारे १,००० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या तिप्पट. भाताचा जीनोम ३९ कोटी अक्षरांचा. तो २००५ मध्येच पूर्ण झाला आणि त्यातल्या अकराव्या गुणसूत्रावर भारतीय शास्त्रज्ञांनी काम केलं होतं. उसाला २०२४ उजाडलं. मार्च महिन्यात 'नेचर'मध्ये आर ५७० या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला. हा वाण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा. तांबेरा रोगाला तो वर्षानुवर्षं दाद देत नाही, आणि हा गुण कुठल्या जनुकांमुळे येत असावा त्याचा माग या कामात लागला.

शेताच्या बांधावर याचा अर्थ असा. नवा वाण तयार व्हायला आज दहा-बारा वर्षं जातात, कारण रोप वाढवायचं, रोग येतो का बघायचं, साखर मोजायची, आणि हजारोंतून एक निवडायचं. हव्या गुणाची खूण डीएनएत सापडली, तर कोवळं पान तपासूनच नको ती रोपं बाजूला काढता येतात. वर्षं वाचतात. फुले २६५ सारख्या आपल्याकडच्या वाणांचे जीनोमही याच बारकाईने वाचून खुले व्हावेत, असं मला मनापासून वाटतं. रियुनियनच्या उसाने आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत.

आणि हो, वाचणं म्हणजे बदलणं नव्हे. पानाचा डीएनए वाचला म्हणून ऊस 'जीएम', म्हणजे जनुक बदललेला, होत नाही.

परदेशी लोकांच्या जीनोमवरून आमचे आजार कसे कळणार?

पूर्ण कळत नाहीत, ही अडचण खरी आहे. '१००० जीनोम्स' हा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०१५ मध्ये संपला. त्यात २६ समूहांतल्या २,५०४ माणसांचा डीएनए होता. दक्षिण आशियाई समूह पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. भारतात गोळा केलेला एकही समूह नाही, मराठी भाषकांचा तर नाहीच.

आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोम संशोधन संस्थेने २००९ मध्ये पहिला भारतीय जीनोम वाचला. पुढे 'इंडीजेन' प्रकल्पात हजारावर जीनोम झाले. मग केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा 'जीनोम इंडिया' प्रकल्प आला. २० संस्था, ऐंशीहून जास्त समाजगट, दहा हजारांवर माणसं. जानेवारी २०२५ मध्ये त्याची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ती कोणालाही थेट उतरवून घेता येत नाही, अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. माणसांची माहिती असल्यामुळे ते योग्यच आहे. दीडशे कोटींच्या जवळ पोचलेल्या देशात दहा हजार म्हणजे अजून टँकरचा तळही भरलेला नाही. पण संकलन सुरू झालं आहे.

रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' लिहिलंय. घाबरायचं का?

नाही. नमुना प्रतीशी ताडून पाहिलं तर प्रत्येक माणसात चाळीस-पन्नास लाख जागी फरक सापडतो. बहुतेक निरुपद्रवी असतात, थोडे आजाराशी जोडलेले, आणि काहींबद्दल अजून पुरावाच नसतो. त्या तिसऱ्या गठ्ठ्यावर ही चिठ्ठी लावतात. मागच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. तुमच्यातला बदल तुमच्या समाजात हजारो निरोगी माणसांत असेलही, पण त्यांचा डीएनए कोणी वाचलेलाच नसेल, तर प्रयोगशाळा ठामपणे 'काही नाही' म्हणणार कशी? अशा शब्दावर शस्त्रक्रियेचा किंवा गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. जनुकीय समुपदेशकाला भेटा आणि दोन-तीन वर्षांनी रिपोर्ट पुन्हा तपासून घ्या. चिठ्ठ्या बदलतात.

मामाच्या मुलीशी लग्न ठरलंय. जीनोम काढून घ्यावा का?

आपल्या भागात हे नातं सर्रास होतं, म्हणून लाजून विचारू नका, सरळ विचारा. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश डीएनए सामाईक असतो, कारण आजी-आजोबा तेच. त्यांच्या मुलात सोळापैकी सरासरी एका जागी दोन्ही प्रती हुबेहूब एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. तिथे एखादं दबलेलं बिघडलेलं जनुक असेल, तर ते झाकायला दुसरी चांगली प्रत उरत नाही. एरवी बाळात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के, या नात्यात ती साधारण दुप्पट. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात, पण धोका काल्पनिक नाही.

पूर्ण जीनोमपासून सुरुवात करू नका. आधी दोन्ही घरांतल्या तीन पिढ्यांची यादी करा. लहानपणी गेलेली मुलं, ऐकू न येणारी, वारंवार रक्त चढवावं लागणारी अशी सगळी त्यात लिहा. मोठ्या माणसांना प्रेमाने विचारलं की ती सांगतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी साधी असते, ती कराच. यादीत काही खटकलं, तर समुपदेशकाच्या सल्ल्याने पुढची चाचणी.

डीएनएवरून आमचं कूळ, जात कळते का?

जातीचं जनुक नसतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले थंगराज आणि लालजी सिंग, आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांनी २००९ मध्ये दाखवलं की आजचे बहुतेक भारतीय समूह जुन्या पूर्वजसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, फक्त प्रमाण वेगवेगळं. २०१३ च्या पुढच्या कामातून दिसलं की हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात चालू होतं. नंतर ते आटलं, लोक आपापल्यातच लग्नं करू लागले.

त्याची किंमत शरीराने मोजली. लहान गटात पिढ्यानपिढ्या लग्नं झाली की एखादा दुर्मीळ बदल त्या गटापुरता नेहमीचा होतो. आंध्रातल्या वैश्य समाजात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता अशीच जास्त आढळते, आणि शस्त्रक्रियेआधी दिल्या जाणाऱ्या एका औषधाने अशा रुग्णाचे स्नायू बराच वेळ लुळे राहू शकतात. आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता देणाऱ्या शाहू महाराजांच्या या गावात हा प्रश्न मला अभिमान मिरवण्यासाठी विचारला जातो, तेव्हा वाईट वाटतं.

गर्भवतीच्या रक्तातून बाळाचा डीएनए वाचतात म्हणे. मुलगा की मुलगी, कळेल का?

चाचणी खरी आहे. आईच्या रक्तात बाळाच्या वारेतले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजून डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगतात. लिंग सांगणं आणि विचारणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. मला हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

कोरोनात 'जीनोम सिक्वेन्सिंगला पाठवलं' असं रोज ऐकायचो. त्यातून निघालं काय?

लस निघाली. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरं जगासाठी खुली केली, आणि विषाणू हातात नसतानाही प्रयोगशाळांनी तपासणी आणि लशीचं काम सुरू केलं. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. पुण्याची एनआयव्ही ही विषाणू संस्था आणि एनसीसीएस ही पेशीविज्ञान संस्था त्यात होत्या. ज्याला पुढे डेल्टा नाव मिळालं त्याचा माग अशा वाचनातून लागला. कोल्हापुरातली दुसरी लाट उतरायला किती दिवस लागले, ते आपण विसरलेलो नाही. नमुने आणखी लवकर आणि आणखी जास्त वाचले गेले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

तेच तंत्र आता क्षयाकडे वळतं आहे. क्षयाच्या जिवाणूची ४४ लाख अक्षरं १९९८ मध्येच वाचली गेली. कुठल्या बदलामुळे कुठलं औषध लागू पडत नाही, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिली. जिवाणू वाढवून औषध तपासायला कित्येक आठवडे जातात, वाचून तपासायला काही दिवस. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या देशात हे जिल्ह्याच्या पातळीवर यायला हवं.

ऑनलाइन किट मागवून थुंकी पाठवावी का?

मी पाठवलेली नाही. ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय तो तुमच्या एकट्याचा नसतो, भावंडांचा आणि मुलांचाही असतो. दूध संस्थेला दूध घालताना पावती मिळते आणि आपण सभासद असतो. इथे तेवढं तरी विचारा: माहिती कुठे राहणार, कोणाला देणार, काढून टाका म्हटलं तर काढणार का.

मुलीला यात करिअर करायचंय. काय शिकावं?

जीवशास्त्राबरोबर लिनक्स ही संगणक प्रणाली, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र. महागडं यंत्र हाताशी नाही म्हणून अडत नाही. जगभरातला वाचलेला डीएनए एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या भांडारात फुकट आहे आणि राजारामपुरीतल्या खोलीत बसून तो उघडता येतो. आमच्या मुलांनी तशीच सुरुवात केली.

घरी लहान मुलांना डीएनए दाखवता येईल का?

येईल. पिकलेलं केळं अर्धं घेऊन थोड्या पाण्यात कुस्करा. चिमूटभर मीठ आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून फेस न करता हलवा, मग पातळ कापडातून गाळून ग्लासात घ्या. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट फ्रीजरमध्ये गार करून ग्लासच्या कडेने हळूच सोडा. जवळ गॅस नको, आणि हे काम मोठ्यांनीच करा. दोन-तीन मिनिटांत मधल्या थरात पांढरे, कापसासारखे धागे वर येतात. त्यात डीएनएबरोबर थोडी प्रथिनं आणि पेक्टिनही असतं, हे मुलांना सांगून ठेवा. काडीला गुंडाळून सावकाश वर ओढा. तुटला तर पुन्हा काडी घाला, ग्लासात अजून आहे.